ट्यूबलाइट चालेल, पण शटर बघा

शूटिंगसाठी भाड्याचे दिवे परवडत नसतील तर घरातल्या ट्यूबवरच व्हिडिओ शूट करा, असा सल्ला देतात, तो पटतो. फक्त त्यात एक सांगायचं राहतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या चोकवाल्या ट्यूबा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर (प्रत्येक फ्रेमला कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते) १/६० सेकंदाला राहिलं की भिंतीवर काळसर पट्टे सरकत राहतात, आणि एडिटला ते काढताना जीव जातो. शटर १/५० किंवा १/१०० ला लॉक करा, फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) २५. आमच्या कॉलेजच्या फिल्ममधला हॉस्टेलच्या जिन्यातला अख्खा सीन असाच निघाला, एकही पट्टा नाही.

डिमर लावलेले एलईडी मात्र बेभरवशाचे (लग्नाच्या हॉलमध्ये तर विचारूच नका). आधी छोटी टेस्ट घेऊन लॅपटॉपवर बघा, मोबाइलच्या स्क्रीनवर पट्टे लपतात.