शब्दचर्चा : 'भिऊ नको' आणि 'विश्वास धर' – भीती घालवणारा विश्वास मराठीत कसा म्हणायचा?

दवणा :
तरुण संघाच्या दोन दिवसांच्या शिबिरासाठी विषयाचे शीर्षक हवे आहे. 'सक्रिय विश्वासाद्वारे भीतीवर मात' असे सुचले आहे, पण वाचताना दातांखाली खडा येतो. तीन शंका आहेत. 'सक्रिय विश्वास' हे मराठी आहे का? भीती, भय, धाक, भित्रेपणा यांत बायबलच्या मराठीत काही भेद पाळला जातो का? आणि विश्वास, श्रद्धा, भरवसा यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

कोशकीटक :
'सक्रिय' म्हटले की सक्रिय सभासद किंवा बँकेतले सक्रिय खाते आठवते. दोन वर्षे व्यवहार नसला की निष्क्रिय ठरणारे. विश्वासाला ते विशेषण शोभत नाही. गलतीकरांस पत्रात (५:६) नेमके हेच सांगायला 'प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास' असा प्रयोग आहे. लांब आहे, पण मराठी आहे. शिवाय त्यात प्रीती आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१८) भीती बाहेर घालवते तीही पूर्ण प्रीतीच. तुमच्या विषयाची दोन्ही टोके त्या एका शब्दात जुळतात, म्हणून शीर्षकात तो गाळू नका.

'मात' हा बुद्धिबळाच्या पटावरून आलेला शब्द. शह दिला, मात केली, डाव संपला. भीतीचा डाव असा एकदाच संपत नाही, म्हणून मला 'मात' थोडा फुशारकीचा वाटतो. योहानाच्या मूळ ग्रीकमध्ये 'बाहेर टाकते' असे साधे क्रियापद आहे. मराठीत 'भीती घालवणे' त्याच्या सर्वांत जवळ जाते. सवयीने कमी होते ती भीती 'मोडते'. लाजेपोटी वाटते ती भीड, आणि ती 'चेपते'. हे प्रयोग एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

मोडीवाचक :
खरी गंमत व्याकरणात आहे. 'मला भीती वाटते' या वाक्यात 'मी' कर्ता नाही. भीती येते, मला वाटते, मी नुसता तिचे ठिकाण. 'मी भितो' यात मात्र मी कर्ता आहे. आज्ञा कर्त्यालाच देता येते. म्हणून 'भिऊ नको' म्हणता येते, पण 'तुला भीती वाटू नको' हे वाक्यच होत नाही. फार तर 'वाटू नये' अशी इच्छा व्यक्त करता येईल.

'विश्वास'चेही तसेच. 'माझा विश्वास बसला' यात मी काही केले नाही, तो आपोआप बसला. 'विश्वास ठेवला', 'विश्वास टाकला', 'विश्वास धरला' या कृती आहेत. याईर या सभास्थानाच्या अधिकाऱ्याला त्याची मुलगी मेल्याचा निरोप येतो तेव्हा (मार्क ५:३६) येशू त्याला सांगतो : भिऊ नको, विश्वास मात्र धर. दोन्ही आज्ञा, दोन्हींत कर्ता याईर. ग्रीकमध्ये दोन्ही क्रियापदे वर्तमानकाळी आज्ञार्थी आहेत, म्हणून दुसरीचा अर्थ 'विश्वास धरून राहा' असा, एका क्षणापुरता नव्हे. मराठीत ही छटा आणायला 'धरून राहा' वापरावे लागते. नुसत्या 'धर'मध्ये ती निसटते.

स्तोत्र ५६:३-४ याच दृष्टीने पाहा. तिसऱ्या ओवीत कवी म्हणतो की मला भीती वाटेल त्या दिवशी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन, आणि चौथीत म्हणतो, मी भिणार नाही. तिसरीत भीती नाकारलेली नाही. ती वाटतेच आहे, पण कर्ता तिच्या बाजूचा राहिलेला नाही.

आगाशीकर :
'श्रद्धा' बाजूला सारू नका. वसईकडच्या कॅथलिक लिखाणात आणि बोलण्यात तो सहज येतो, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मात्र 'विश्वास' आणि 'विश्वासणारे' रुळले आहेत. गोव्याच्या कोकणी प्रार्थनांत याच अर्थी 'भावार्थ' आहे. मराठी वाचकाला तो 'कवितेचा भावार्थ' वाटतो आणि घोटाळा होतो. संमिश्र श्रोते असतील तर ही अडचण आधीच ध्यानात घ्या.

'श्रद्धा' हा 'श्रत्' आणि 'धा' (ठेवणे) यांचा जोड. लॅटिन मतांगीकाराचा (उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीचा) पहिला शब्द 'क्रेदो' त्याच जुन्या कुळातला. म्हणजे श्रद्धेच्या पोटातही 'ठेवणे' ही कृती आहेच. 'विश्वास' तर भीतीशी थेट जोडलेला निघतो. 'श्वस्' म्हणजे श्वास घेणे, आणि संस्कृतात 'वि + श्वस्'चा एक अर्थच निर्भय असणे, निर्धास्त होणे असा आहे. भीतीने श्वास कोंडतो आणि विश्वासाने मोकळा होतो, हे शब्दाला आधीपासून ठाऊक होते.

कोशकीटक :
हिब्रूतली प्रतिमा वेगळी आहे. तिथे श्वास नाही, टेकू आहे. 'आमेन' ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ पक्के असणे. त्याच धातूचा 'एमूना' हा शब्द निर्गम १७:१२ मध्ये मोशेच्या हातांबद्दल आला आहे. अहरोन आणि हूर दोन बाजूंनी हात धरून राहिले आणि सूर्यास्तापर्यंत ते स्थिर राहिले. विश्वास म्हणजे न डळमळणे, तेही दुसऱ्यांनी हात धरल्यावर. आपल्याकडे 'धीर' जवळ येतो, आणि तोही 'धरायचा'च असतो : 'धीर धरा, मी आहे, भिऊ नका' (मत्तय १४:२७).

मोडीवाचक :
दवणा, तुमच्या दुसऱ्या शंकेबद्दल. नव्या करारात साध्या भीतीला 'फोबोस' आहे. भित्रेपणाला 'देइलिया', आणि तो नामाच्या रूपात फक्त एकदाच येतो, तीमथ्याला दुसरे पत्र १:७ मध्ये : देवाने दिलेला आत्मा भित्रेपणाचा नव्हे, तर सामर्थ्याचा, प्रीतीचा आणि संयमाचा. तिथे 'भीतीचा आत्मा' असे भाषांतर केले की अर्थ सरकतो. भीती ही भावना, भित्रेपणा हा माघार घेण्याचा स्वभाव. वादळातल्या शिष्यांना (मार्क ४:४०) याच कुळातले विशेषण लावले आहे. प्रकटीकरण २१:८ मधला 'भेकड' तोच, आणि त्याला लागूनच 'विश्वास न ठेवणारे' येतात.

तीमथ्याच्या पत्रातली त्याआधीची ओवी, १:६, सोडू नका. तिथे कृपादान पुन्हा पेटवण्यासाठी जे क्रियापद आहे ते राखेखालच्या निखाऱ्याचे. भाषांतरांत 'प्रज्वलित कर' येते, आणि ते दीपप्रज्वलनाच्या निमंत्रणासारखे वाटते. चुलीजवळ बसणारा माणूस 'विस्तव फुलवतो' : राख झटकतो, काटक्या सरकवतो, फुंकतो. निखारा आहेच, तो नव्याने आणायचा नाही. तुम्हाला 'सक्रिय'मध्ये जे म्हणायचे आहे ते बहुधा हेच.

शेवंती :
मोडीवाचक, तुमच्या 'धरणे'वर एक हरकत. याकोब २:१९ मध्ये भुतेही विश्वास 'धरतात' आणि थरथर कापतात. क्रियापद तेच, कर्ताही आहे, तरी भीती जात नाही. मग?

मोडीवाचक :
हरकत रास्त आहे. मग क्रियापदाबरोबर जोडणीही पाहिली पाहिजे. भुतांचा विश्वास 'देव एकच आहे असा' आहे, म्हणजे 'की'चा विश्वास. तो मत असतो. भीती घालवतो तो 'वर'चा विश्वास : कोणावर तरी भार टाकलेला. 'देव आहे असा माझा विश्वास आहे' आणि 'देवावर विश्वास टाकला' यांत हे अंतर आहे. याकोबाचा पुढचा मुद्दाही असा की अब्राहामाने काय केले ते पाहा.

शिबिरात कागदावर लिहायला देणार असाल तर तीन अपुरी वाक्ये पुरतात :
मला ___ची भीती वाटते.
मी ___वर विश्वास टाकतो/टाकते, कारण ___.
म्हणून मी ___ वाजता/वारी ___ करीन.

पहिल्या जागी 'भविष्याची' असे मोघम लिहिले की तिसरी जागा रिकामी राहते. 'मुलाखतीत प्रश्न कळला नाही तर, याची' असे लिहिले की भरता येते. दुसऱ्या जागी लोक हमखास 'मी पास होईन यावर' लिहितात. तो विश्वास निकालावर झाला. निकाल फिरला की विश्वास गेला. 'कारण'पुढे वचनातला देवाचा एखादा गुण किंवा कृती यायला हवी. तिसऱ्यात 'प्रार्थना करीन' एवढेच लिहून थांबतात. प्रार्थना लिहावी, पण तिच्या जोडीला पायांनी करायचे एक काम लिहावे.

आगाशीकर :
'परमेश्वराचे भय' घेताना जपून. ऐकणारा म्हणतो, भिऊ नको म्हणता आणि वर भय धरा म्हणता! निर्गम २०:२० मध्ये मोशे दोन्ही एकाच दमात सांगतो : भिऊ नका, आणि पाप करू नये म्हणून देवाचे भय तुमच्यापुढे राहो. हिब्रूत दोन्हीकडे एकच धातू. मराठीत याला तयार शब्द आहे, 'पापभीरू'. भित्रा ही शिवी, पापभीरू हे कौतुक. 'धाक' आणि 'वचक' इथे नकोत. त्यांना छडीचा वास येतो.

शेवंती :
आणखी दोन गोष्टी. 'बायबलमध्ये भिऊ नको ३६५ वेळा, रोज एकदा' हे फलकावर लिहू नका. मोजणी तितकी भरत नाही, आणि ती कोणते प्रयोग धरता यावर बदलते. तसेच यशया ४१:१० मधला शब्द 'तुझ्याबरोबर' आहे. स्वामी समर्थांच्या 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' या वचनाच्या सवयीने लोक तिथे 'पाठीशी' म्हणून जातात. पाठीशी असणारा मागून आधार देतो, बरोबर असणारा शेजारी चालतो. वचन उद्धृत करताना शब्द बदलू नये.

आणि छातीत धडधड, घाम, श्वास अडकणे असे झटके ज्याला वारंवार येतात त्याला 'भित्रा' किंवा 'अल्पविश्वासी' म्हणू नका. ती 'वाटते'च्या बाजूची गोष्ट आहे. त्याच्या कागदावरच्या तिसऱ्या ओळीत 'डॉक्टरांकडे जाईन' हे अगदी बरोबर उत्तर आहे.

दवणा :
मग शीर्षक 'विस्तव फुलवा : प्रीतीने कार्य करणारा विश्वास' आणि खाली बारीक अक्षरांत 'भिवू नका, विश्वास धरून राहा' असे करते.

कोशकीटक :
शीर्षक छान. खालच्या ओळीत 'भिवू' नको, 'भिऊ' हवे. पिणे-पिऊ, तसे भिणे-भिऊ. भि ऱ्हस्व. 'भीती'त मात्र दोन्ही दीर्घ.