शाखा मार्गाला सांध्याचं इंजिन हवंच कशाला?

घाटवेडा (मूळ धागा)
रविवारी नेरळला माथेरानच्या गाडीची वाट बघताना मित्राशी वाद झाला, तो इथे टाकतोय. त्याचं म्हणणं, वळणावळणाच्या छोट्या मार्गांना सांध्याचं वाफेचं इंजिनच हवं. म्हणजे सगळी चाकं एका ताठ चौकटीत न अडकवता दोन वळत्या चौकटींवर बसवलेलं. मला नाही पटत. शाखा मार्ग म्हणजे दिवसाला चार गाड्या, एक शेड, दोन फिटर. तिथे चार सिलिंडर, दुप्पट रॉड आणि वर वाफेच्या नळीलाही हलता सांधा? दार्जिलिंगने १९१० च्या सुमारास इंग्लंडच्या बेयर पीकॉक कंपनीकडून गॅरेट (दोन वळत्या चौकटींच्या मधे बॉयलर झुलवलेलं सांध्याचं इंजिन) आणलं. किती? एक. पुन्हा मागवलं नाही. आणि १८८९ पासूनची बी वर्गाची चार चाकांची साधी इंजिनं आजही तिथे धूर काढतायत. अजून काय पुरावा हवा?

उताराचा प्रवासी
एका इंजिनावरून निकाल? मग जर्मनीतल्या सॅक्सनीकडे बघा. ७५० मिमी गेजचे (दोन रुळांमधलं अंतर) दऱ्याखोऱ्यांतले शाखा मार्ग, आणि त्यांच्यासाठी १८९२ ते १९२१ या काळात चेम्निट्सच्या हार्टमान कारखान्यात बनलेली फोर-के वर्गाची ९६ इंजिनं. आठ चाकं, चार-चारच्या दोन चौकटींवर. काही आजही गाड्या ओढतात. तिथली शेडंही काही परळ वर्कशॉपएवढी नव्हती.

घाटवेडा
जर्मन फिटर वेगळा हो! आपल्याकडचं बघा. बार्शी लाइट रेल्वेवर ती बांधणाऱ्या कॅलथ्रॉपसाहेबाने एका धुरीवर (चाकांच्या जोडीच्या आसावर) पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचाच नाही असं ठरवलं. मग किटसन कारखान्याकडून आठ जोडचाकांचं (रॉडने एकमेकांना जोडलेली, गाडी ओढणारी चाकं) आणि मागे चार छोट्या चाकांचं इंजिन घेतलं, भार सगळीकडे वाटला. सांधा नाही न काही नाही. पंढरीचे वारकरी पोचलेच की.

उताराचा प्रवासी
बार्शी-कुर्डुवाडीच्या माळावर सांधा कशाला लागेल? प्रश्न घाटाचा आहे. आणि दार्जिलिंगच्या 'साध्या' इंजिनाचा खर्च नीट मांडा. ड्रायव्हर, फायरमन, कोळसा फोडणारा वेगळा, शिवाय दोन माणसं पुढे बफरवर बसून रुळावर हाताने वाळू टाकणार. इंजिन स्वस्त पडलं, पगार कुणी मोजले?

शेडवाला
आमचे वडील लोको शेडमध्ये फिटर होते, म्हणून दोघांच्याही मध्ये पडतो. हलत्या नळीला वाफ देणं म्हणजे काय ते ज्याने ग्लँडचं पॅकिंग (सांध्यातून वाफ गळू नये म्हणून ठासायचा भराव) भरलंय त्याला विचारा. फेअरली नावाच्या इंजिनिअरच्या सांध्याच्या इंजिनाचं दुखणं तेच. वेल्समध्ये फेस्टिनिऑगला १८६९ मध्ये त्याचं 'लिटल वंडर' आलं, गाजलं, पण बॉयलरची ताजी, कडक वाफ दोन्ही वळत्या चौकटींना न्यायची म्हणजे सांधे गळणारच. मॅले या दुसऱ्या इंजिनिअरने यातून वाट काढली. मागची चौकट पक्की, ताजी वाफ तिला. तिथे वापरून सैल झालेली वाफ पुढच्या हलत्या चौकटीला. गळलीच तर कमी दाबाची गळते. त्यामुळे 'सांधा' म्हणून सगळ्यांना एकाच काठीने हाणू नका.

नेरळकर
अहो, माथेरानच्या नावाने धागा काढलात आणि माथेरानचंच इंजिन विसरलात! १९०७ ला मार्ग सुरू झाला तो बर्लिनच्या ओरेनस्टाइन उंड कोपेलच्या चार इंजिनांवर. वीसाला एक चढ, दोन फुटी गेज, आणि इंजिन सहा चाकांचं. ताठ चौकट असती तर त्या वळणांवर चाकांच्या कडा रूळ घासून काढत्या. म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या धुरीला क्लीन-लिंडनरची युक्ती, हे दोघेही सॅक्सनी रेल्वेचे इंजिनिअर. आत एक भरीव धुरी, ती चौकटीत पक्की, रॉड तिलाच जोडलेले. तिच्यावर पोकळ धुरी, चाकं या बाहेरच्या धुरीवर. दोघींच्या मधोमध एक गोळा आणि आरपार पिन. आतली फिरली की पिन बाहेरचीला फिरवते, पण बाहेरची गोळ्यावर डावीउजवीकडे वळू शकते, थोडी सरकूही शकते. वळण आलं की चाकं आपली आपण रुळाच्या मागे जातात.

घाटवेडा
म्हणजे दोन सिलिंडर, एकच चौकट, वाफेच्या नळीला सांधा नाही. मग हे माझ्याच बाजूचं झालं! मित्राला आत्ताच पाठवतो.

उताराचा प्रवासी
वा रे वा. धुरीच्या पोटात दडवला म्हणून सांधा नाही का? गॅरेटमध्ये उघडा दिसतो, इथे झाकलेला, एवढाच फरक.

शेडवाला
ते तुमचं तुम्ही ठरवा. मला सांगा, नेरळकर, त्या पोकळ धुरीच्या आत गोळ्याला तेल कुठून घालायचे? बाहेर दिसणाऱ्या बेअरिंगला फिटर येता-जाता हात लावून बघतो, तापलंय का. आतलं तापलं तर कळणार कसं? पुढच्या वेळी ठेवलेल्या इंजिनाजवळ गेलात तर खाली वाकून, टॉर्च मारून तेलाचं भोक सापडतं का बघा आणि फोटो टाका.