शब्दचर्चा : ‘कॉन्व्होकेशन’ म्हणजे नेहमीच ‘पदवीदान’ का?

पत्रवाचक :
माझे आजोबा १९४७ ते १९४९ या काळात अमेरिकेत, बॉस्टनशेजारच्या केंब्रिज गावी, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटी या संस्थेत विद्युत अभियांत्रिकी शिकत होते. त्यांनी धाकट्या भावाला इंग्रजीतून लिहिलेली पत्रे मी घरच्यांसाठी मराठीत आणते आहे. १९४९ च्या एप्रिलमधल्या एका पत्रात त्यांनी लिहिले आहे की आम्ही काही विद्यार्थी ‘मिड-सेंच्युरी कॉन्व्होकेशन’ला गेलो होतो आणि तिथे चर्चिल बोलले. मी ‘शतकमध्याचा पदवीदान समारंभ’ असे भाषांतर करून मोकळी झाले होते. मात्र मसुदा वाचताना आत्याने विचारले, “बाबांना पदवी जूनमध्ये मिळाली, मग हे एप्रिलमधले पदवीदान कुणाचे?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यात भर म्हणजे जूनच्या पत्रात आजोबा खऱ्या पदवी-समारंभाला ‘कमेन्समेंट’ म्हणतात आणि भावाला कौतुकाने कळवतात की इथे शिक्षण संपते त्या दिवसाला आरंभ म्हणतात. तिथे ‘पदवीदान’ लिहिले की त्या वाक्याचा प्राणच जातो. या दोन शब्दांसाठी दोन मराठी शब्द हवे आहेत.

अनुस्वार :
आत्याबाईंची शंका अगदी रास्त आहे. ‘कॉन्व्होकेशन’ हा शब्द ‘एकत्र’ आणि ‘बोलावणे’ या अर्थांच्या लॅटिन घटकांपासून झाला आहे, आणि त्यात पदवीचा मागमूसही नाही. विद्यापीठाच्या मंडळींना बोलावून भरवलेली सभा एवढाच त्याचा मूळ अर्थ. इंग्रजी राजवटीत आपल्याकडे अशी सभा प्रामुख्याने पदव्या देण्यासाठीच भरत असल्यामुळे मराठी कानाला तो शब्द आणि पदवी एकच वाटू लागले.

आजोबा ज्याविषयी लिहितात तो प्रसंग ३१ मार्च ते २ एप्रिल १९४९ असा तीन दिवस चालला. विज्ञानाच्या प्रगतीचे समाजावर होणारे परिणाम हा त्याचा विषय होता, आणि अखेरच्या दिवशी जेम्स किलियन यांचा संस्थेचे अध्यक्ष म्हणून अधिकारग्रहणाचा विधी झाला. चर्चिल यांचे भाषण पहिल्या दिवशी संध्याकाळी बॉस्टन गार्डन या क्रीडागृहात झाले आणि त्याला १३,००० हून अधिक श्रोते होते. त्या वेळी पदव्या दिल्या गेल्या नाहीत. त्यामुळे ‘पदवीदान’ हा शब्द इथे चुकीचाच आहे. ‘परिषद’ किंवा ‘संमेलन’ म्हणावे.

निवृत्त अभियंता :
वरील माहितीला एक महत्त्वाची जोड देतो. एवढा मोठा पाहुणा आला तरी एमआयटीने चर्चिल यांना मानद डॉक्टरेट दिली नाही, कारण ती संस्था मानद पदव्या देतच नाही. त्यांना ‘मानद व्याख्याता’ करण्यात आले. ही शिस्त संस्थापक विल्यम बार्टन रॉजर्स यांच्यापासूनची आहे. मानद पदवी म्हणजे विद्येच्या नावाने वाटलेली भिक्षा, असे त्यांचे मत होते. स्वतः चर्चिल यांनीही त्या भाषणात आपल्यापाशी तांत्रिक किंवा विद्यापीठीय शिक्षण नाही हे मोकळेपणाने सांगितले होते.

ज्या संस्थेचा पाया ‘पदवी भिक्षेसारखी देऊ नये’ या आग्रहावर उभा आहे, तिच्या समारंभाला आपण ‘पदवी-दान’ म्हणावे, हे मला अर्थाच्या दृष्टीने खटकते. जूनच्या पत्रातसुद्धा हा शब्द टाळावा.

खडूफळा :
माझा आक्षेप एमआयटीपुरता मर्यादित नाही. मी बत्तीस वर्षे मराठी शिकवले आणि दरवर्षी फळ्यावर ‘पदवीप्रदान’ असेच लिहिले. दानाची जुनी व्याख्या ‘स्वस्वत्वनिवृत्तिपूर्वकं परस्वत्वापादनं दानम्’ अशी आहे, म्हणजे वस्तूवरचा आपला हक्क सोडून तो दुसऱ्याचा करणे. विद्यापीठ कोणता हक्क सोडते? विद्यार्थ्याने परीक्षा देऊन जे कमावले तेच त्याला सन्मानाने सुपूर्द केले जाते. त्यासाठी ‘प्रदान’ हाच नेमका शब्द आहे. पुण्याच्या विद्यापीठाने ‘पदवीप्रदान समारंभ’ हे नाव स्वीकारले आहे, ते योग्यच आहे.

अनुस्वार :
ही व्याख्या धर्मशास्त्रातली आहे, रोजच्या मराठीतली नाही. मतदानात मतदार आपला हक्क सोडतो का? विद्यादानात गुरूची विद्या कमी होते का? श्रमदान, योगदान, अनुदान यांतले ‘दान’ भिक्षेचे नाही. गुजरातीतही ‘पदवीदान समारंभ’ म्हणतात आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. शब्द चार पिढ्यांच्या तोंडी रुळल्यावर त्याची धातूपासून उलटतपासणी घेणे मला मान्य नाही. शिवाय ‘प्रदान’ हेदेखील ‘दान’च आहे, त्याला केवळ ‘प्र’ हा उपसर्ग लागला आहे.

खडूफळा :
उपसर्गाने अर्थ पालटतो, हे आपण हार, प्रहार आणि आहार या शब्दांवरूनच मुलांना शिकवतो. ‘केवळ उपसर्ग’ असे म्हणता येणार नाही.

खरगपूरकर :
चर्चेत ‘दीक्षान्त’ अजून कसा आला नाही? मी १९७० च्या दशकात खरगपूरच्या आयआयटीत शिकलो. तिथे हिंदी फलकांवर ‘दीक्षान्त समारोह’ असे, तर बंगाली मित्र ‘समावर्तन’ म्हणत. बंगालीत पदवी-समारंभाला आजही हाच शब्द रूढ आहे. गुरुगृही शिक्षण पुरे करून स्नान करून घरी परतणे, म्हणजे समावर्तन. ‘पदवी’ या शब्दाने मात्र मला पहिल्याच आठवड्यात फसवले. वसतिगृहाच्या कार्यालयातल्या वयस्कर कारकुनांनी माझी ‘पदवी’ विचारली, तेव्हा मी नम्रपणे सांगितले की ती मिळायला अजून पाच वर्षे आहेत. बंगालीत ‘पदवी’ म्हणजे आडनाव, हे शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने समजावून सांगितले.

त्या संस्थेचा पहिला पदवी-समारंभ २१ एप्रिल १९५६ रोजी झाला आणि पंडित नेहरूंनी भाषण केले. जागा हिजलीची होती. तिथल्या बंदिवासात इंग्रज सरकारने राजकीय कैदी ठेवले होते, आणि १६ सप्टेंबर १९३१ रोजी झालेल्या गोळीबारात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे मारले गेले होते. १९५१ साली त्याच इमारतीत संस्थेचे वर्ग भरू लागले. त्या बंदिवासाच्या जागी भारताच्या आकांक्षांचे आणि घडत असलेल्या भवितव्याचे स्मारक उभे आहे, अशा आशयाचे उद्गार नेहरूंनी काढले. त्या तरुण अभियंत्यांना त्या दिवशी जे मिळाले ते ‘पदवीदान’ या शब्दात मावत नाही. ‘दीक्षान्त’मध्ये काहीतरी गांभीर्य तरी आहे.

वर्धेची वाट :
आदरपूर्वक असहमत आहे. आम्हा नागपूरकडच्या माणसांना ‘दीक्षा’ हा शब्द ऐकला की १४ ऑक्टोबर १९५६ आठवतो. खरगपूरच्या त्या समारंभाचेच हे वर्ष. माझी आजी त्या दिवशी दीक्षाभूमीवर होती, आणि ‘दीक्षा घेतली’ हे शब्द ती नेहमी ‘तिथून आमचं सुरू झालं’ या अर्थाने उच्चारत असे. आमच्या मराठीत दीक्षा ही आरंभाची गोष्ट आहे. ती घेतली की आयुष्यभर पाळायची असते. तिचा ‘अन्त’ करून टाकणारा शब्द मला मुलीच्या पदवीच्या निमंत्रणपत्रिकेवर वाचताना फार टोचला. यज्ञाची दीक्षा अवभृथ स्नानाने संपते, त्यावरून ‘दीक्षान्त’ बरोबर ठरतो, हे मला कळते. पण यज्ञाची दीक्षा किती जणांनी घेतली आणि दुसरी किती जणांनी, याचाही विचार शब्द निवडताना व्हावा.

खरगपूरकर :
हा मुद्दा मी कधीच या बाजूने पाहिला नव्हता. ‘दीक्षान्त’चा आग्रह मागे घेतो, ‘समावर्तन’चा मात्र सोडत नाही.

घटप्रभा :
आम्ही सीमाभागातले, घरात मराठी आणि शाळेत कन्नड. कन्नडमध्ये या समारंभाला ‘घटिकोत्सव’ म्हणतात. लहानपणी मला वाटे की यात घटिका, म्हणजे वेळ, मोजत असतील. पुढे कळले की ‘घटिका’ हे दक्षिणेतल्या प्राचीन विद्यापीठांचे नाव. कदंब राजघराण्याचा संस्थापक मयूरशर्मा कांचीच्या घटिकेत शिकायला गेला होता, असा उल्लेख ताळगुंदच्या शिलालेखात आहे. तेलुगूत ‘स्नातकोत्सव’ आहे. म्हणजे कन्नडने स्थळावरून, तेलुगूने शिकून तयार झालेल्या माणसावरून आणि बंगालीने त्याच्या परतण्यावरून नाव घेतले. इथे आलेल्या भाषांत देण्याघेण्याच्या व्यवहारावरून नाव ठेवणारे आपण आणि गुजराती. माझ्या मते ‘दान’ की ‘प्रदान’ हा वाद दुय्यम आहे.

स्वाध्याय :
घटप्रभाताईंचे निरीक्षण मोलाचे आहे, पण ‘पदवी’ला त्यांनी व्यवहारातच जमा केले, ते मला पटत नाही. संस्कृतात ‘पदवी’चा पहिला अर्थ वाट असा आहे. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात इंद्र रघूला बजावतो, ‘मा निधाः पदं पदव्यां सगरस्य संततेः’, सगरपुत्रांच्या वाटेवर पाऊल टाकू नकोस. पद म्हणजे पाऊल, पावलांनी पडते ती पदवी. इंग्रजीतला ‘ग्रॅज्युएट’ ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचाही अर्थ पायरी किंवा पाऊल असाच आहे. भारतातल्या अनेक विद्यापीठांत कुलपती इंग्रजीतून जे सूत्र उच्चारतात, त्यातही ‘मी तुम्हाला पदवी देतो’ असे शब्द नसतात. ‘मी तुम्हाला या पदवीत प्रवेश देतो’ असे असतात.

यावरून ‘कमेन्समेंट’चा उलगडाही होतो. मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत शिक्षण पुरे केलेला विद्यार्थी त्या विधीने आचार्यांच्या मंडळात दाखल होई आणि शिकवायला आरंभ करी, म्हणून तो आरंभ. आपल्या परंपरेतही हे आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आचार्य निरोप देताना ‘सत्यं वद, धर्मं चर’ याच्या पाठोपाठ ‘स्वाध्यायान्मा प्रमदः’ म्हणतात, अभ्यासात हयगय करू नकोस. तेव्हा जूनच्या पत्रासाठी माझी सूचना ‘पदवीप्रवेश’ ही आहे.

निवृत्त अभियंता :
‘पदवीप्रवेश’ वाचून आजचा प्रत्येक पालक महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज शोधू लागेल. व्युत्पत्ती सुंदर असली तरी आज तो शब्द नेमक्या उलट्या टोकाला वापरला जातो.

रॉजर्स यांच्याविषयी आणखी एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. ३० मे १८८२ रोजी एमआयटीच्या याच ‘कमेन्समेंट’ समारंभात बोलता बोलता ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या तोंडचे शेवटचे शब्द दगडी कोळशाच्या एका प्रकाराचे नाव होते, कारण ते मुळात भूगर्भशास्त्रज्ञ होते. त्याच १८८२ साली पुण्याचे केशव मल्हार भट तिथे शिकायला गेले, आणि दोनच वर्षांत पुण्याच्या ‘मराठा’ या इंग्रजी पत्रात त्या संस्थेच्या धर्तीवर आपल्याकडे शिक्षण असावे, अशी चर्चा सुरू झाली. म्हणजे मराठी माणसांचा या समारंभाशी संबंध आजोबांच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

खडूफळा :
मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ चे. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर होते. पुढे १८७४ साली पुरे झालेले सर कावसजी जहांगीर सभागृह आजही ‘कॉन्व्होकेशन हॉल’ म्हणूनच ओळखले जाते. वास्तूचे नाव सभेवरून पडले आणि समारंभाचे नाव दानावरून, ही विसंगती आपण इतकी वर्षे पाहत आहोत. ती ‘प्रदान’ने निदान थोडी सौम्य होते.

पत्रवाचक :
सर्वांचे मनापासून आभार. एप्रिलच्या पत्रात मी ‘शतकमध्य परिषद’ लिहिले आहे, आणि चर्चिल यांना पदवी न देता मानद व्याख्याता केले, ही माहिती तळटीपेत घालते. आजोबांनीही त्याचा ओझरता उल्लेख केला होता. मला त्याचा अर्थच लागला नव्हता.

जूनच्या पत्राचे मात्र अडले आहे. काल आत्यासमोर वरचे सगळे शब्द वाचून दाखवले. ती म्हणाली की बाबा घरात ‘मी पदवी घेतली’ असे म्हणत, ‘मला दिली’ असे त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही. पत्र घेणाऱ्याचे आहे, मग शब्द देणाऱ्याच्या बाजूचा का, असे तिचे म्हणणे. ‘पदवीग्रहण’ कसा वाटतो?

अनुस्वार :
‘अधिकारग्रहण’, ‘पाणिग्रहण’ आहेत, त्यामुळे घडण निर्दोष आहे. पण आरंभाचा अर्थ त्यातही येत नाही. मी ‘कमेन्समेंट’ तसाच ठेवून आजोबांच्या पुढच्या वाक्यानेच तो उलगडू दिला असता.

खडूफळा :
भाषांतरात मूळ शब्द तसाच ठेवणे म्हणजे काम अर्धे सोडणे होय. ‘पदवीग्रहण’ला मात्र माझा पाठिंबा आहे, आणि हे मी ‘प्रदान’चा आग्रह न सोडता म्हणतो.

वर्धेची वाट :
ग्रहण म्हटले की सूर्यचंद्राचे आठवते, अशी तक्रार कुणीतरी करीलच. पण आत्याबाई म्हणतात ते ‘पदवी घेतली’ हे आमच्याकडे ‘दीक्षा घेतली’च्याच चालीवर म्हणतात. आजीने माझ्या आईची पदवी गावाला याच शब्दांत सांगितली होती.

घटप्रभा :
आमच्याकडेही मराठी घरांत ‘घेतली’च म्हणतात. कन्नडमध्ये मात्र ‘पदवी पडेदळु’, म्हणजे तिने पदवी मिळवली, असे म्हणतात. आजोबांनी इंग्रजीतून लिहिताना त्या दिवसासाठी कोणते क्रियापद वापरले आहे, ते जमल्यास इथे लिहा.