संदर्भ म्हणजे सुगावा नव्हे

कंदील (धागाकर्ता):
रहस्यमालिकेत दडलेले संदर्भ हुडकण्याचा छंद मलाही आहे, पण सापडलेल्या प्रत्येक संदर्भाला सुगावा मानून त्यावर फॅन थिअरीचे इमले रचले जातात, ते मला पटत नाही. सुगावा दिसल्यावर प्रेक्षकाला उत्तराच्या दिशेने एक पाऊल तरी टाकता आले पाहिजे, तर संदर्भ हा बहुतेक वेळा लेखकाने जाणकाराकडे पाहून मिचकावलेला डोळा असतो. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची 'ट्विन पीक्स' घ्या. (पुढे रहस्यभेद आहे, मालिका १९९० ची असल्यामुळे त्याबद्दल क्षमा मागत नाही.) लॉरा पामर हिच्या खुनाच्या तपासात एकहाती, म्हणजे एकच हात असलेला, फिलिप जेरार्ड भेटतो. 'द फ्युजिटिव्ह' या १९६३ ते १९६७ च्या मालिकेत खुनी एकहाती होता आणि जेरार्ड हे नायकाच्या मागावर असलेल्या पोलीस अधिकाऱ्याचे नाव होते. ज्याला हे आठवले, त्याने साहजिकच या एकहाती माणसावर संशय घेतला असणार आणि तो सपशेल फसला असणार, कारण लॉराला मारणारा तो नव्हता. हा संदर्भ शोभेचा होता, एवढेच.

उलटतपासणी:
आपण निवडलेले उदाहरण आपल्यावरच उलटते. जुन्या मालिकेतला गुन्हेगार आणि त्या मालिकेतला पाठलाग करणारा अधिकारी, अशा दोघांना इथे एकाच माणसात बसवले आहे, आणि जेरार्ड नेमका तसाच आहे: त्याच्या अंगात वावरणारा माईक हा आत्मा एके काळी बॉबच्या, म्हणजे लॉराच्या खुनामागच्या दुष्ट आत्म्याच्या, जोडीने खून करत असे, पुढे त्याने स्वतःचा हात कापून टाकला आणि आता तो त्याच बॉबच्या मागावर आहे. नाव जेरार्डचे आणि तुटका हात खुन्याचा, ही जोडणी ज्याने नीट वाचली, त्याला त्या पात्राचा सगळा भूतकाळ हातात मिळाला होता. प्रेक्षकाने अर्धाच संदर्भ वाचला, तर त्याचा दोष संदर्भाला कसा द्यावा?

दुसरे उदाहरण याहून पक्के आहे. पहिल्याच सीझनमध्ये लॉराची मावस की चुलत, कोणतीही म्हणा, पण काळ्या केसांची बहीण येते. तिचे नाव मॅडलीन फर्ग्युसन, म्हणजे मॅडी, आणि दोघींच्या भूमिका शेरिल ली हिनेच केलेल्या. १९५८ च्या 'व्हर्टिगो' चित्रपटात नायकाचे आडनाव फर्ग्युसन, तो जिच्या नादी लागतो ती मॅडलीन, आणि दुहेरी भूमिकेतल्या किम नोव्हाकचा तोच चेहरा त्याला दोनदा गमवावा लागतो. हा चित्रपट पाहिलेल्याच्या काळजात मॅडीचे पूर्ण नाव ऐकताच धस्स व्हायला हवे होते. दुसऱ्या सीझनमध्ये, खुनी कोण हे प्रेक्षकांना कळते त्याच भागात, मॅडीचा खून होतो.

कंदील:
मॅडीबाबत मी एक पाऊल मागे घेतो. तरीही त्या नावावरून फार तर कोण मरणार हे कळले. कोण मारणार, हे नाही. रहस्यकथेत दुसऱ्या प्रश्नाला पहिल्यापेक्षा अधिक मोल आहे. जेरार्डबद्दलचे आपले वाचन देखणे आहे, परंतु ते शेवटाकडून सुरुवातीकडे केलेले वाचन आहे. माईक कोण हे माहीत नसताना ती जोडणी कोणाला तशी लागली असती?

रातकिडा:
आपण दोघेही गृहीत धरता की निर्मात्याला उत्तर आधीपासून ठाऊक असते आणि तो ते दडवत असतो. बॉब या मालिकेत कसा आला, हे पाहा. फ्रँक सिल्व्हा हा सेटची सजावट करणारा माणूस होता. लॉराच्या खोलीत तो सामान हलवत असताना लिंच यांना त्याला पलंगाच्या पायथ्याशी बसवून एक दृश्य घ्यावेसे वाटले, ते कशासाठी हे त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते. पुढे लॉराची आई दचकून किंचाळते त्या दृश्यात सिल्व्हाचे प्रतिबिंब चुकून आरशात आले. दुसरा कोणी असता तर त्याने ते दृश्य पुन्हा घेतले असते. लिंच यांनी ते ठेवले आणि त्यातून बॉब उभा केला. म्हणजे योगायोगाने दिसलेल्या तपशिलाला अर्थ देऊन त्यावर कथा रचणारा पहिला माणूस दिग्दर्शकच होता. आपण ज्याला इमले म्हणता, त्याच इमल्यात ही मालिका राहते.

कंदील:
हा मुद्दा मला अडचणीचा आहे, हे कबूल. मात्र लिंच यांच्या हातात पुढचे भाग होते. त्यांनी लावलेला अर्थ पडद्यावर खरा ठरवण्याची सोय त्यांना होती. प्रेक्षकाला ती नसते, आणि तरीही आपली थिअरी चुकल्यावर तो मालिकेने फसवल्याची तक्रार करतो. माझा आक्षेप त्या तक्रारीला आहे.

उलटतपासणी:
मग धाग्याचे शीर्षक बदला. ही तक्रार मीही कधी केलेली नाही.