मदत हवी आहे: १९३२ ची कराची-अहमदाबाद-जुहू टपालफेरी सिममध्ये, जीपीएसशिवाय

नमस्कार मंडळी,

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, ती फेरी मला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जशीच्या तशी करायची आहे. म्हणजे रेडिओ नाही, जीपीएस नाही. होकायंत्र, घड्याळ आणि नकाशा एवढंच. (पुढचा बेल्लारी-मद्रास टप्पा त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला, तो नंतर बघू.) जेआरडींनी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ या छोट्या विमानातून हीच फेरी पुन्हा केली होती. त्यामुळे ती मनासारखी जमेपर्यंत चैन पडणार नाही.

अडचण आहे कच्छच्या रणाची. कराचीहून साधारण ११० अंशांवर निघालो की वाटेत पच्छम बेटावरचा काळा डुंगर आणि मग खडीर बेट, एवढ्याच भरवशाच्या खुणा. बाकी सगळं सपाट आणि पांढरं. वारा किती ढकलतोय हे ओळखायला जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्या लागतात, त्या इथे आणायच्या कुठून? ९० नॉटला (ताशी ९० सागरी मैल) अहमदाबाद साडेतीन तासांवर आहे. उत्तरेचा नुसता १० नॉटचा वारा असला तरी तेवढ्या वेळात ३५ सागरी मैलांचा फरक पडतो, म्हणजे अहमदाबादच्या अलीकडच्या वीरमगामऐवजी थेट दक्षिणेचं सुरेंद्रनगर! मुद्दाम दक्षिणेला झुकतं धरून वीरमगाम-सुरेंद्रनगर रेल्वे गाठायची आणि मग डावीकडे वळायचं, असा विचार आहे. असं कोणी करून पाहिलंय का? सिममध्ये तीन-चार हजार फुटांवरून रूळ नीट दिसतात का?

विमानाचंही सांगा. १९३२ च्या फेरीतलं विमान म्हणजे पस मॉथ, त्याचं चांगलं मॉडेल कुठे मिळेल? तोवर सेसना १५२ वेग कमी ठेवून चालवतोय, पण पस मॉथला चाकांच्या दांड्यांवरची आवरणं आडवी फिरवून हवेचा ब्रेक लावता यायचा, ती गंमत सेसनात कुठली!

आणखी एक. द्रिघ रोडसाठी (कराचीतला तेव्हाचा विमानतळ, जिथून फेरी निघाली) सुरुवात आजच्या फैसल हवाई तळावरून करावी की जिना विमानतळावरून? जुहूला तेव्हा पक्की धावपट्टी नव्हती, पावसाळ्यात तर काम पुण्याला हलवावं लागे. त्या काळची जुहूची सीनरी कोणी बनवली असेल तर कृपया कळवा.

१५ ऑक्टोबरच्या आत एवढं जुळलं तर त्याच दिवशी सकाळी उडेन.