विषय: एकादशीच्या हरिपाठात जे झालं त्याबद्दल

नमस्कार मंडळी,

परवाचा ऑनलाइन हरिपाठ अजून डोक्यातून जाईना. हरिपाठ संपल्यावर खानापूरच्या मावशींनी कर्नाटकातले संतकवी पुरंदरदास यांचं एक कन्नड पद म्हणायला घेतलं, त्यांचं माहेर धारवाडकडचं, लहानपणापासून तोंडात बसलेलं पद ते, दोन ओळी झाल्या नाहीत तोवर चॅटमध्ये एकानं टाकलं "हे मराठी मंडळ आहे, कन्नड बंद करा", मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी कुणीतरी "यांच्या गळ्यात माळ तरी आहे काय" इथपर्यंत गेला. मावशींनी कॅमेरा बंद केला आणि गेल्या त्या गेल्याच.

अहो, पुरंदरदासांच्या पदात शेवटी मुद्रा, म्हणजे त्यांच्या सहीसारखं नाव, येते ती "पुरंदर विठ्ठल". विठ्ठलच की. आणि आपल्या माऊलींनीच त्याला "कानडा" म्हटलंय, कुणी त्याचा अर्थ अगम्य असा लावतात, लावू देत, पण शब्द कानडाच आहे. सत्तरीच्या बाईला आपण देवासमोर गप्प केलं, मला फार लागलंय हे.

– येळ्ळूरकर, दोहा

---

नमस्कार,

चॅटमधली ती पहिली ओळ माझी होती, लपवत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगावकडचं आमचं गाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं, घरी अजून त्या दिवशी काळा दिन पाळतात, १७ जानेवारीला आजोबा हाताला धरून सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला न्यायचे. २००४ ला महाराष्ट्रानं या सीमाभागासाठी सुप्रीम कोर्टात दावा घातला, तेव्हा मी शाळेत होतो, आता माझी पोरगी शाळेत जायलीय. इथं परदेशात महिन्यातून दोनदा मराठी कानावर पडतं, त्यातही कन्नड आलं म्हणून हात कीबोर्डवर गेला. पण माळेचं मी लिहिलेलं नाही आणि ते लिहिणाऱ्याच्या बाजूला मला बसवू नका.

– अनगोळचा

---

बाळा,

माझं माहेर निपाणीचं, तुझं दुखणं मला कुणी समजावून सांगायला नको, ते खरंच आहे. पण ते तू चुकीच्या माणसावर काढलंस रे.

मी माऊलींच्या पालखीबरोबर तीन वेळा चाललेय. मुक्कामाला पोचल्यावर समाजआरती असते, चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात आणि एवढा हजारोंचा समाज एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार त्यांच्याकडे जातात, काय झालं ते ऐकून घेतात. तक्रार करायची सोय आहे बघ तिथं, राग धरायला बंदी नाही, पण शिवी नाही, कुणाच्या भक्तीवर बोट नाही, आणि बाकीचे सगळे थांबून राहतात. तीन-तीन जण एकदम अंगावर जात नाहीत. आणि दिवसा पाण्याच्या टँकरपाशी भांडलेली दोघं रात्री कीर्तन झालं की एकमेकांच्या पाया पडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. स्क्रीनवर पाया पडता येत नाही, म्हणून लिहिलेला शब्द तसाच राहतो, पुन्हा पुन्हा वाचला जातो.

सकाळी मावशींना फोन केला. "राहू दे गं, आवाज बसलाय माझा," म्हणाल्या. आवाज छान खणखणीत होता.

ज्याला कन्नड पदाबद्दल बोलायचंय त्यानं मला फोन करावा, मी अर्धा तास ऐकून घेईन. चॅट पुढच्या वेळी बंद ठेवू. आणि जे सगळ्यांसमोर बोललं गेलं त्याची माफीही सगळ्यांसमोरच हवी, खासगी मेसेज चालणार नाही.

– काकी

---

काकी,

मावशींना फोन लावला. मला काही नीट बोलता येईना, त्यांनीच विचारलं "जेवलास काय रे". येत्या एकादशीला हरिपाठाच्या आधी मी सगळ्यांसमोर माफी मागतो. पद म्हणाल काय विचारलं, तर "बघू" म्हणाल्या.

माळेचं ज्यानं लिहिलं तो अजून गप्पच आहे.

– अनगोळचा