पुढच्या साथीत रंकाळा बंद करायचा नाही. पटतंय का बघा

रंकाळावेस (धागा यांचा)

परवा एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या पाहुण्यांनी विषय काढला, पुन्हा कोरोनासारखं काही आलं तर पहिल्याच दिवशी आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावाला दोर बांधला पाहिजे, लोक ऐकत नाहीत. माझा घास अडला. लग्नघरात वाद नको म्हणून गप्प बसलो, तो इथं घालतो.

पुढच्या साथीत काय बंद करायचं ते करा, रंकाळ्याचा फिरायचा रस्ता बंद करू नका.

२५ मार्च २०२० पासून देश बंद. राज्यात उघड्यावर चालायला, पळायला, सायकल मारायला परवानगी मिळाली ३ जूनला. मधले सत्तर दिवस मी गच्चीवर काढले. लांबी बावीस पावलं. टाकीला वळसा, परत बावीस. वीस वर्षं पहाटे साडेपाचला संध्यामठापासून फेरी सुरू करणारा माणूस मी. पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्यात झोप मोडायला लागली. तिसऱ्यात आमटीतल्या मिठावरून बायकोवर ओरडलो, आणि मीठ बरोबर होतं. एप्रिल संपता संपता सकाळी उठायचं कारणच सापडेना. रिटायर माणसाकडं आधीच कारणं थोडी.

साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य जगभरात २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं. मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी हेही तिचंच, नोव्हेंबर २०२० चं. एकानं औषध लिहून द्यायचं आणि दुसऱ्यानं दुकानाला कुलूप घालायचं. ब्रिटनमध्ये मार्च २०२० च्या कडक बंदीतसुद्धा दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती. आपल्याकडं चालायला निघालेल्यांना भर रस्त्यात उठाबशा.

बोला.

नादखुळा_९

म्हणजे व्यायाम झालाच की काका.

नाईट_ड्युटी

काका, वयाचा मान ठेवून सांगते. तुम्ही रंकाळ्यावर नुसतं चालत नव्हता. एक फेरी, मग कट्ट्यावर पाऊण तास राजकारण, मग गंगावेशीत म्हशीभोवती घोळका करून धारोष्ण दूध, आणि रविवार असेल तर मिसळ. रस्ता उघडला की हे सगळं मागोमाग येतंच. कुणी थांबवणार होतं तुम्हाला?

मी दोन्ही लाटांत कोविड वॉर्डात होते. २०२१ च्या जूनमध्ये राज्यात बऱ्याच ठिकाणी लाट ओसरत होती तेव्हा आपला जिल्हा अजून वरच्या आकड्यांत होता, इतक्यात विसरलात? तुमची झोप मोडली हे खरं आहे. आमची पण मोडली. आणि ब्रिटनचा दाखला देताय तर तिथं किती माणसं गेली तेही लिहा.

रंकाळावेस

सिस्टर, कट्ट्याचं बोललात ते लागलं, पण खरं आहे. तरी मोकळ्या हवेत लागण बंद खोलीपेक्षा कितीतरी कमी होते हे आता पोरंसोरं सांगतात. आम्हाला मोकळ्या हवेतून उचलून दोन खोल्यांत सहा जण कोंडलं. त्याचा हिशोब कोण देणार?

नाईट_ड्युटी

हे 'आता' सांगतात. २८ मार्च २०२० ला तुमच्याच त्या जागतिक संघटनेनं जाहीर केलं होतं की हा रोग हवेतून पसरत नाही. ते चुकलं. त्या आठवड्यात निर्णय घेणाऱ्याच्या हातात काय होतं ते बघा, मग शिव्या द्या.

खालची_आळी

सगळे बापे चालण्यावर भांडायला लागलेत म्हणून लिहितो.

लॉकडाऊनमध्ये माझी हालचाल चौपट झाली. भांड्याला बाई येणं बंद. सासूबाई, नवरा, दीर, दोन पोरं दिवसभर घरात, म्हणजे चहा पाच वेळा. भाजी मिठाच्या पाण्यात, दुधाच्या पिशव्या साबणानं, आलेली नोट इस्त्रीखाली. पोरांची शाळा एका मोबाईलवर, त्यासाठी जिना वर-खाली, कारण रेंज फक्त वरच्या खिडकीत. त्याच मोबाईलनं एकदा सांगितलं, अभिनंदन, आज तुमची दहा हजार पावलं झाली. मी फरशी पुसत होतो.

काकांच्या हिशोबानं मी त्या दिवसांत गल्लीतली सगळ्यात आनंदी बाई असायला पाहिजे होतो. मी न्हाणीत नळ सोडून रडायचो. नळाच्या आवाजात ऐकू जात नाही म्हणून.

हालचाल म्हणजे व्यायाम नव्हे. जी स्वतःच्या मर्जीनं करतो आणि कंटाळा आला की थांबवता येते, ती वेगळी. माझी थांबत नव्हती.

पेठेबाहेरचा

क्षमस्व, पण आपण 'लिहितो', 'रडायचो' म्हणताय. आपण बाई की पुरुष? पुण्याहून वाचतोय.

नादखुळा_९

कोल्हापुरात बायका असंच बोलतात. एवढ्या लिहिण्यातनं तुम्हाला तेवढंच दिसलं होय?

आकडेमोड

वहिनींनी मुद्द्याला हात घातला. दहा हजार पावलांचं आधी: तो आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं'. जाहिरातीतला आकडा जगभर नियम होऊन बसला.

आता काकांचं. साथीच्या काळात ढिगानं पाहण्या झाल्या, बहुतेक मोबाईलवर प्रश्नावली पाठवून. जे कमी हलत होते ते जास्त उदास निघाले. मी वर्गात हेच उदाहरण देतो आणि विचारतो, आधी काय झालं? ज्याचं मन बसलंय तो अंथरूण सोडत नाही. चालणं थांबलं म्हणून मन बसलं की मन बसलं म्हणून चालणं थांबलं, हे एकदाच विचारलेल्या प्रश्नावलीतून कळत नाही.

कारण तपासायचं असेल तर माणसं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटावी लागतात. असा एक नावाजलेला प्रयोग १९९९ चा, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा. नैराश्य असलेले पन्नाशीच्या पुढचे १५६ लोक. एका गटाला व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालिन ही गोळी, तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखे सुधारलेले. गोळीवाल्यांना फरक आधी जाणवला, एवढंच. काका आता उड्या मारतील. पण व्यायामवाले घरी एकटे पळत नव्हते. आठवड्यातून तीनदा, गटानं, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली करत होते. त्यात पायांचा वाटा किती आणि सोबतीचा किती, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही.

सत्तर दिवस गच्चीवर चाललात ना काका? पाय तर चालूच होते. मग बिघडलं काय?

रंकाळावेस

मास्तर, हा प्रश्न तेव्हा बायकोनं विचारला होता. तिलाही उत्तर दिलं नव्हतं.

लाल_माती

मी तालमीतला. पंधरा वर्षं हौद्यात, म्हंजे कुस्तीच्या मातीत हाय. आमची तालीम मार्चमध्ये मोकळी झाली, खेड्यापाड्यातली पोरं वळकट्या बांधून गेली. वस्ताद एकटेच रोज हौदा उकरत हुते. ताक, हळद, लिंबू, तेल घातलेली माती नुसती पडून ऱ्हायली तर दगड हुती म्हणून.

मी गावाकडं शेतात रोज हजार बैठका मारत हुतो. जोर, सपाट्या, दोर चढणं, सगळं. मेहनत एक दिवस चुकवली न्हाई. तरी जुलैपतोर डोस्कं फिरायची पाळी आली. का? चैत्रापासनं जत्रंची मैदानं असत्यात, तिथल्या इनामावर आमचा वरीसभराचा खुराक. बदाम, तूप, दूध, थंडाई, ह्याला पैसा लागतो. मैदानं न्हाईत म्हंजे इनाम न्हाई. खुराक तुटला तसं बापाच्या तोंडाकडं बघवंना. आमच्यातला एक जण गवंड्याच्या हाताखाली गेला, त्यो परत आलाच न्हाई. आन् कुस्ती काय सहा फुटावरनं हुती का? जोड अंगाला अंग लावूनच खेळायची. आमाला रंकाळा उघडा असता काय आन् बंद असता काय.

२५ ऑक्टोबर २०२० ला, ऐन दसऱ्याला, राज्यात जिम उघडल्या. पेपरात मोठी बातमी. मैदानं काय लगेच सुरू झाली न्हाईत. महाराष्ट्र केसरी जानेवारी २०२० नंतर थेट एप्रिल २०२२ ला साताऱ्यात झाली. तवा गदा आपल्या पृथ्वीराज पाटलानं आणली, लई बरं वाटलं. पण मधल्या दोन वर्षात ज्यांचं वय निघून गेलं त्यांचं काय? पैलवानाला दोन वर्षं म्हंजे लई.

एक सांगतो, मला बी कोरोना झाल्ता. ताप उतरला तसं दुसऱ्या दिवशी बैठका सुरू. अंग मोडूनच घाम काढला.

नाईट_ड्युटी

पैलवान, वाचलात एवढंच म्हणा. हे कुणी उचलू नका. ताप असताना किंवा नुकता उतरल्यावर जोर-बैठका काढल्या आणि हृदयाच्या स्नायूला सूज असली, तर जिवावर बेततं. आणि कित्येकांना कोरोना गेल्यावर महिनोन्महिने असं व्हायचं की थोडे श्रम केले की दुसऱ्या दिवशी अंथरूण. अशा माणसाला 'चल, फिरून ये, बरं वाटेल' म्हणणं म्हणजे मोडलेल्या पायावर नाचायला लावणं. घरच्यांना वाटायचं आळस करतोय.

चालणं आम्हीही वापरत होतो, पण तपासायला. बोटाला ऑक्सिमीटर, सहा मिनिटं घरातल्या घरात चाला, आकडा ९३ च्या खाली गेला तर दवाखाना. तेवढ्यानं माणसं वेळेत आली.

रंकाळावेस

चार जणांनी चार बाजूंनी धुतला. ठीक आहे. गच्चीवर माझे पाय चालू होते आणि मी तरी बिघडलो, हे मास्तरांनी पकडलं. मला समोरून येणारा माणूस हवा होता. ज्याचं नाव ठाऊक नाही, पण वीस वर्षं रोज शालिनी पॅलेसच्या वळणावर हात वर करतो, असा. तो जूनमध्ये परत दिसला तेव्हा मी मास्कच्या आत रडलो. जुलै २०२१ च्या महापुरानंतर दिसला नाही, ते जाऊ दे.

पण मूळ मागणी सोडत नाही. कट्टा बंद ठेवा, दूधकट्टा बंद ठेवा, बाकडी उलटी करा. रस्ता उघडा ठेवा. सगळ्यांनी एकाच दिशेनं चालायचं, म्हणजे तोंडासमोर तोंड नको. वॉर्डावार वेळा वाटून द्या. पोलीस उठाबशा मोजायला उभे राहू शकतात, तर गर्दी मोजायलाही राहतील.

नाईट_ड्युटी

एकाच दिशेनं चाललात तर तुमचा तो हात वर करणारा कसा दिसणार?

नादखुळा_९

काका चितपट.

खालची_आळी

वेळा वाटणार म्हणताय, त्यात बायकांची कुठली? पहाटे साडेपाच म्हणू नका, तेव्हा पाणी येतं. सहा ते नऊ डबे आणि न्याहारी. संध्याकाळी पोरं, मग परत चूल.

रंकाळावेस

तुम्ही सांगाल ती वेळ, वहिनी.

खालची_आळी

दुपारी तीन. तेव्हा सगळं घर झोपलेलं असतं. एकटी येणार, कुणी सोबत नको, अर्धा तास कुणी हाक मारायची नाही. तुम्हाला माणसं पाहिजे होती, मला माणसं नको होती.

नाईट_ड्युटी

एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनला? उष्माघाताचे पेशंटपण मीच बघायचे का?